मंडपम कॅम्प : रामेश्वरच्या अलीकडचं स्टेशन

मंगळवार. मदुराई ते मंडपम

मदुराईहून रामेश्वरला जाणाऱ्या गाडीत मराठी कानावर पडणारच. आमच्या डब्यात संगमनेरकडची मंडळी होती, काशी करून आलेली. गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत सीलबंद करून रामेश्वराला वाहायला निघालेली. मानामदुराई, परमकुडी, रामनाथपुरम अशी स्टेशनं मागे पडत होती. वैगईचं पात्र जवळजवळ कोरडं, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल वेडी बाभूळ. इथे तिचा कोळसा पाडतात. इथला पावसाळा डिसेंबरअखेर संपतो. जानेवारी नुकताच उजाडला होता, तरी मुलूख तहानलेलाच दिसत होता.

उच्चिपुळीच्या पुढे एका छोट्या स्टेशनची पाटी दिसते, 'मंडपम कॅम्प'. त्याच्या पुढचं मंडपम, मग पांबनचा पूल, आणि रामेश्वर. जुन्या पुलावरून गाड्या डिसेंबर 2022 पासून बंद होत्या. एप्रिल 2025 मध्ये नवा पूल सुरू झाला आणि यात्रेकरू पुन्हा थेट रामेश्वरात उतरू लागले. आम्ही मंडपमलाच बॅगा खाली काढायला लागलो, तेव्हा समोरच्या काकू काळजीने म्हणाल्या, "अहो, रामेश्वर पुढे आहे. इथे काय आहे?"

इथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणी आहे. माझी तंजावरची मैत्रीण एका संस्थेसोबत छावण्यांमधल्या लोकांच्या कागदपत्रांचं काम करते. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिचं घराणं तिकडे आहे. घरात ते लोक मराठी बोलतात, बाहेर तमिळ. तिच्यामुळेच मला इथे येता आलं, आणि तिच्या तोंडूनच मला इथली माणसं ऐकता आली. आत जायला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. ती संस्थेच्या नावावर होती, दोन दिवसांची, दुपार ते दिवेलागण.

मंडपम म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. लॉजच्या गच्चीवरून दोन्हीकडचं पाणी दिसतं. किनाऱ्यावर मासळी सुकत घातलेली असते आणि तिचा वास रात्री खोलीतही असतो. बाकी त्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही.

बुधवार. छावणीत

ही जागा निर्वासितांसाठी म्हणून बांधलेली नव्हती. इंग्रजांच्या काळात सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, चहा-कॉफीच्या मळ्यांवर तमिळ मजूर जात. त्यांना इथे आणून थांबवत, रोगराई नाही ना हे तपासत आणि मग पलीकडे पाठवत. त्या मजुरांच्या वंशजांचं नागरिकत्व सिलोनने स्वतंत्र झाल्याबरोबर, 1948 च्या कायद्याने, काढून घेतलं. 30 ऑक्टोबर 1964 रोजी शास्त्रीजी आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदारनायके यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने ठेवायची आणि उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू, असं ठरलं. पुढे जुलै 1983 मध्ये कोलंबोपासून तमिळांविरुद्ध दंगली पेटल्या, युद्ध सुरू झालं आणि ते मे 2009 पर्यंत चाललं. त्या काळात तीन लाखांवर माणसं होड्यांनी तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागली. त्यातले पुष्कळ मधल्या काळात परत गेले, काही पुन्हा आले. आज सुमारे 58 हजार माणसं राज्यातल्या शंभराहून जास्त छावण्यांत राहतात, आणि आणखी तीसेक हजार पोलिसांत नोंद करून छावणीबाहेर.

मंडपममध्ये काही घरं अशी आहेत की ज्यांचे आजोबा याच आवारातून मळ्यांवर गेले आणि नातू याच आवारात निर्वासित म्हणून परतले. हे मला आधी वाचून माहीत होतं. पण सत्तरीच्या एका बाईने हाताने आवाराकडे खूण करून "आजोबा इथून गेले, मी इथे आले," असं म्हटलं, तेव्हा मला पुढे काही विचारता येईना. सगळे तिला पाट्टी म्हणतात, म्हणजे आजी.

आम्ही गेलो ती जुन्या खोल्यांची एक ओळ होती. पाट्टीची खोली दहा बाय दहाच्या आसपास असेल. वर सिमेंटचे पत्रे. मधोमध दोरीला साडी बांधून तिचे दोन भाग केलेले. अलीकडे पाट्टी, तिचा मुलगा आणि मोठा नातू झोपणार, पलीकडे सून आणि दोन मुली. पावसाळ्यात गळालेल्या पाण्याचे पिवळे ओघळ भिंतीवर छतापासून खाली आलेले. जिथे गळतं, तिथे पत्र्याच्या आतून प्लास्टिकचा फ्लेक्स ताणून बांधलेला होता. त्याला पोट आलेलं होतं, म्हणजे अजून त्यात पाणी होतं. सुनेने त्याच्या खाली मुलींची दप्तरं ठेवायची नाहीत असं ठरवून दिलेलं. दप्तरं दाराला खिळ्यावर टांगलेली. स्वयंपाक बाहेर, पडवीसारख्या आडोशाला. गॅस आहे, पण महिनाअखेरीला चूल पेटतेच. वेडी बाभूळ फुकट मिळते.

पिण्याचं पाणी नळाला ठरावीक वेळी येतं. जमिनीतलं पाणी मचूळ आहे. त्याने कपडे धुतले तर साबणाला फेस येत नाही, भात शिजवला तर चव बिघडते. म्हणून प्यायचं, शिजवायचं आणि वापरायचं पाणी वेगवेगळ्या कळशांत. कळशांचे रंगही ठरलेले आहेत, लहान पोरसुद्धा चुकत नाही. शौचालयं सामाईक, ओळीच्या टोकाला. रात्री तिथे दिवा नसतो. सून म्हणाली, "मुली मोठ्या झाल्यापासून मी रात्री त्यांच्याबरोबर जाते. तिघीही उठतो." नळ, पत्रा, दिवा यांबद्दल बायका भराभर बोलत होत्या. कुठल्या ओळीत कुणी अर्ज दिला, कुठे दुरुस्ती झाली, सगळं त्यांना तोंडपाठ.

काहीच बदललेलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने छावण्यांसाठी 317 कोटींची योजना जाहीर केली. मोडकळीला आलेली 7,469 घरं नव्याने बांधायचं ठरलं आणि त्यातली कितीतरी वेगवेगळ्या जिल्ह्यांत उभीही राहिली. 'निर्वासित छावणी' हे नाव बदलून 'श्रीलंकाई तमिळ पुनर्वसन छावणी' केलं. दरमहा मिळणारी रक्कम कुटुंबप्रमुखाला 1,500, इतर मोठ्यांना 1,000 आणि मुलांना 500 रुपये झाली. रेशनचा तांदूळ मिळतो. शाळा मिळते, सरकारी दवाखाना मिळतो, आधार कार्डही बहुतेकांकडे आहे. निर्वासितांना इतकं देणारी राज्यं जगात फार नसतील. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्यानंतर याच लोकांकडे सगळा मुलूख संशयाने पाहत होता, छावण्यांवरचे निर्बंध आवळले गेले होते. तिथून इथवर येणं ही लहान गोष्ट नाही.

पाट्टीच्या सुनेने पिट्टू केला होता. तांदळाचं पीठ आणि ओलं खोबरं नळीत थर देऊन वाफवलेलं, सोबत खोबऱ्याचं लाल, झणझणीत सांबोल. "हे आमच्या यालपाणमचं," ती म्हणाली. यालपाणम म्हणजे जाफना. तिचा जन्म छावणीतला. जाफना तिने पाहिलेलं नाही.

जेवण झाल्यावर पाट्टीने पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत दुसरी पिशवी, तिच्या आत तिसरी. त्यात कुटुंबाची नोंद असलेलं छावणीचं कार्ड, जुना सगळ्यांचा एकत्र फोटो, प्रत्येकाची आधार कार्डं, मुलांचे शाळेचे दाखले, आणि मळ्यावरच्या नोंदीचा एक कागद. घड्यांवर इतका फाटलेला, की चिकटपट्टीनेच तो एकत्र राहिलाय. ती एकेक कागद सतरंजीवर मांडत गेली. मांडून झाल्यावर मैत्रिणीला म्हणाली, "यात नाही तो कागद कसा मिळेल, ते सांग."

गुरुवार. पुन्हा छावणीत, आणि फाटकाबाहेर

सकाळी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पुरुषांची गर्दी असते. बहुतेकांच्या कपड्यांवर रंगाचे डाग. छावण्यांमधल्या पुरुषांचं ठरलेलं काम म्हणजे रंगकाम, साऱ्या तमिळनाडूत. ठेकेदार गाडी घेऊन येतो, दहा-बारा जणांना नेतो आणि संध्याकाळी सोडतो. त्यातला एक बी.कॉम. झालेला, एक डिप्लोमा इंजिनीअर. मी विचारलं की मग रंगकाम का, तर डिप्लोमावाल्याने बोटांवर मोजून सांगितलं. सरकारी नोकरी नाही, त्यासाठी नागरिकत्व लागतं. मोठी कंपनी मुलाखतीपर्यंत बोलावते आणि पासपोर्ट किंवा पोलीस पडताळणीशी अडते. स्वतःचा धंदा टाकावा तर बँक कर्ज देत नाही, तारण ठेवायला जमीन नाही, जमीन घेता येत नाही. दूर चेन्नईला किंवा कोइमतूरला राहून काम करावं तर महिन्याच्या हजेरीला छावणीत हजर राहावं लागतं. चुकली तर त्या महिन्याचे पैसे जातात, आणि फार चुकल्या तर नोंदच जाण्याची भीती. "रंगाच्या ब्रशला कुणी कागद मागत नाही, अक्का," तो म्हणाला.

नागरिकत्वाच्या या एका गोष्टीशी मी दोन दिवस पुन्हा पुन्हा येत राहिले. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी हे लोक परदेशी, आणि कागदाशिवाय आलेले म्हणून बेकायदा. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने एक सवलत दिली. 9 जानेवारी 2015 पर्यंत आश्रयाला आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकाई तमिळांवर पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून कारवाई होणार नाही. लोकांना त्याचं समाधान आहे. इतकी वर्षं डोक्यावर असलेली टांगती तलवार काढली गेली. पण शिक्षा होणार नाही आणि हक्क मिळेल, या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्यातच त्या डिप्लोमावाल्याचं उभं आयुष्य चाललंय.

आणि त्या तारखेनंतर आलेल्यांचं काय? ते इथे, मंडपममध्येच आहेत. 2022 मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली. दुधाची पावडर, केरोसीन, औषधं मिळेनाशी झाली. 22 मार्च 2022 ला पहिली सोळा माणसं धनुषकोडीच्या किनाऱ्यावर आली आणि मग महिनोन्‌महिने येत राहिली. श्रीलंकेतल्या मन्नारची एक तरुण आई भेटली. होडीवाल्याला देण्यासाठी तिने गळ्यातलं विकलं. त्याने रात्री त्यांना अर्ध्या समुद्रातल्या वाळूच्या दांड्यावर उतरवलं आणि तो परत गेला. भरती चढेल की सकाळ आधी होईल, याची वाट पाहत ती दोन लेकरांना घेऊन उभी होती. तटरक्षक दलाच्या होव्हरक्राफ्टने त्यांना उचललं. आता तिला खोली आहे, जेवण आहे. पण जुन्या लोकांकडे आहे तशी निर्वासित म्हणून नोंद नाही, आणि सवलतीच्या तारखेत ती बसत नाही. मोठा मुलगा शाळेत जातो. तिला एवढंच हवंय की दहावीला त्याचं नाव कुठल्या कागदावर लागेल ते आज कुणीतरी सांगावं.

संध्याकाळी एका व्हरांड्यात मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. शिकवणारी मुलगी छावणीतलीच, गणितात पदवी घेतलेली. एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर मुलांनी अभ्यास करायचा कुठे, याचं उत्तर म्हणून हे वर्ग कित्येक छावण्यांत वर्षानुवर्षं चालत आलेत. बारावीची एक मुलगी मला जीवशास्त्राची वही दाखवत होती. हृदयाची आकृती इतकी सुबक की छापल्यासारखी. शिकवणाऱ्या मुलीने हळूच सांगितलं की तिला डॉक्टर व्हायचंय. मार्कांनी ती होईलही, पण प्रवेशाच्या अर्जात 'राष्ट्रीयत्व' हा रकाना आहे. इंजिनीअरिंगला आणि कला-विज्ञानाला छावणीतली मुलं जातात, वैद्यकीयचं दार या मुलांना उघडलेलं नाही. मुलीला हे माहीत आहे. तरी ती आकृत्या काढते.

रात्री झोप येईना. मी कल्याणला वाढले. शेजारचं उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची छावणी, लष्कराच्या रिकाम्या बराकींत वसवलेली. ऑगस्ट 1949 मध्ये तिचं शहर झालं. आजही तिथे पत्ता 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. बराकी तशाच होत्या, सामाईक संडास तसेच होते, पाण्याचे हाल तर आजही आहेत. पण पाकिस्तानातून आलेल्यांना घटनेनेच नागरिक मानलं होतं. त्यामुळे एका पिढीत त्यांनी गाळे घेतले, कारखाने टाकले, कॉलेजं काढली, निवडणुका लढवल्या. मंडपमला त्रेचाळीस वर्षांनीही लोक हजेरीच्या तारखेला रांगेत आहेत. मेहनतीत फरक नाही, हुशारीत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकाई तमिळ माणसाच्या प्रकरणात, भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, अशा आशयाचं विधान न्यायमूर्तींनी केलं. त्या प्रकरणातला माणूस शिक्षा भोगलेला होता, त्याची बाजू वेगळी. पण पाट्टीची सून इथे जन्मली, तिची मुलं इथे जन्मली. ते कुणाच्या धर्मशाळेत उतरलेले नाहीत, ते घरी आहेत. हे मी त्या रात्री वहीत लिहिलं आणि आजही माझं मत तेच आहे.

शुक्रवार. धनुषकोडी, मग रामनाथपुरम

पहाटे धनुषकोडीला जाऊन आलो. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळाने हे गाव आणि इथे येणारी आगगाडी दोन्ही नेली. चर्चची भिंत आणि स्टेशनचे अवशेष तेवढे उरलेत. त्याआधी मद्रासहून गाडीने इथवर यायचं आणि बोटीने तलाईमन्नारला उतरायचं, असा सरळ रस्ता होता. फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती. मी फार रेंगाळले नाही, मैत्रिणीला साडेदहाला रामनाथपुरम गाठायचं होतं.

तिच्या पिशवीत एका कुटुंबाचे कागद होते. बहीण-भाऊ, दोघेही मंडपमला जन्मलेले. बहीण 1986 ची, भाऊ सप्टेंबर 1987 चा. नागरिकत्व कायद्याप्रमाणे 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक आहे, आईवडील कुठलेही असोत. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक तरी भारतीय लागतो, आणि डिसेंबर 2004 नंतर अटी आणखी कडक झाल्या. ही तरतूद पुस्तकात कायम होती, पण छावणीत तिचा उपयोग कुणी केला नव्हता. मंडपमलाच 1986 मध्ये जन्मलेल्या एका बाईने मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात दाद मागितली. 2022 मध्ये तिला पासपोर्ट द्यायचा आदेश झाला, आणि एप्रिल 2024 च्या लोकसभेला तिने तिरुचिरापल्लीत मतदान केलं. छावणीतल्या माणसाने भारतात मत देण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून मैत्रिणीचं निम्मं काम म्हणजे जुलै 1987 च्या आधीचे जन्म शोधणं.

बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे, पण कोर्टात जन्माची मूळ नोंद लागते. त्या काळी कित्येक बाळंतपणं छावणीतच सुईणीच्या हातून झाली आणि नोंदवायला कुणी गेलं नाही. हिची आई मात्र सरकारी दवाखान्यात होती. कार्यालयात कारकुनाने 1986 ची वही काढली. पानं पिवळी, कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई फिकट झालेली. ते गृहस्थ निवृत्तीला आलेले होते आणि त्यांनी आपणहून चष्मा पुसून दोघींच्या बरोबरीने बोट फिरवत एकेक ओळ वाचली. मार्चमध्ये नाव सापडलं. आईचं नाव बरोबर, वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं, पत्त्याच्या रकान्यात 'कॅम्प, मंडपम'. अक्षर दुरुस्त करायला वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागेल, असं त्यांनी सांगितलं. तो अर्ज मैत्रिणीने तिथेच बाकावर बसून लिहिला.

भावासाठी असं काही करता येत नाही. तो आमच्याबरोबर आला होता, रंगकामाचा दिवस बुडवून. बहिणीचं नाव सापडल्यावर त्यानेच तिला फोन लावला आणि ओळ क्रमांक वाचून दाखवला. मग मैत्रिणीला विचारलं की नागरिकत्वाचा वेगळा अर्ज करता येतो म्हणतात, त्याचं काय. ती म्हणाली, करायचा, मी फॉर्म आणते. पण अर्जातला 'वैध प्रवासपत्रावर आलात का' हा प्रश्न तुला आधीच समजावून सांगते, म्हणजे पुढे धक्का बसणार नाही. इथे जन्मलेल्या माणसाला तो प्रश्न कसा लागू करतात, यावरच वकिलांना भांडायचं आहे.

प्रत मिळायला सोमवार उजाडणार होता. माझी मदुराईची गाडी संध्याकाळची. मैत्रिणीच्या यादीत मंडपमच्या आणखी सात नावांसमोर 'जुलै 87 आधी' असं लिहिलेलं आहे. त्यातली दोन दवाखान्यातली, पाच घरी जन्मलेली. त्या पाचजणांसाठी तेव्हाची सुईण हयात आहे का, हे तिला शनिवारी पाट्टीला विचारायचंय.